मुस्कं बांधणाऱ्या पेशी : एक प्रस्तावना

डवरणीच्या दिवसांत आमच्या वावरात बैलांच्या तोंडाला मुस्कं बांधत. अंबाडीच्या दोरीचं, जाळीदार, आबाजींनी स्वतः विणलेलं. पऱ्हाटी गुडघ्याएवढी झालेली असते, दोन तासांच्या मधून डवरा चालवायचा असतो आणि बैलाच्या तोंडाशी हिरवा पाला सारखा येत असतो. लहानपणी मला बैलांची कीव यायची. एकदा आबाजींची पाठ वळली तेव्हा मी एका बैलाचं मुस्कं सोडून दिलं. बैल चार पावलं चालायचा, एक शेंडा खायचा, पुन्हा चार पावलं. दुपारपर्यंत अख्ख्या तासाची पऱ्हाटी वरून खुडल्यासारखी झाली आणि डवरा वाकडातिकडा गेल्यामुळे उरलेली मुळापासून हलली. आबाजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बापू, मुस्कं बैलाले थांबवत नाही. बैल चालतेच. मुस्कं त्याचं ध्यान कामावर ठेवते."

पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना निरोधक चेतापेशींचा धडा आला की दर वर्षी मला हे वाक्य आठवायचं. फळ्यावर मी ते कधी लिहिलं नाही, पाठ्यपुस्तकात होतं तेवढंच लिहिलं. ही पुस्तिका लिहायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट ठरवली ती ही, की आबाजींचं वाक्य आधी येईल आणि पाठ्यपुस्तक नंतर.

पुस्तिकेचा विषय आहे सोमॅटोस्टॅटिन नावाचं रसायन, ते बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी, आणि त्या रसायनाचा निरोप ऐकणाऱ्या, म्हणजे त्याचे ग्राही अंगावर बाळगणाऱ्या पेशी. नाव जड आहे. पण ग्रीक भाषेत सोमा म्हणजे शरीर, आणि नावाच्या दुसऱ्या भागात आपल्या ‘स्था’ धातूचा सख्खा भाऊ बसला आहे. स्थिर, स्थान, स्थावर या शब्दांच्या गोतातलाच तो. शरीराला थांबवणारं, असा त्या नावाचा सरळ अर्थ.

बार्शीटाकळीसारख्या गावात बसून असल्या विषयावर कशाला लिहायचं, असं मला काही स्नेह्यांनी विचारलं. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे तालुक्याचं गाव. कालंका मातेचं हेमाडपंती देऊळ, भोवती सोयाबीन, तूर, पऱ्हाटी, आणि तालुक्यातच महानला काटेपूर्णेचं धरण. मेंदूची प्रयोगशाळा इथे नाही. आजार मात्र इथे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याच पाहणीत हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त निघालं. खेड्यातली म्हातारी बाई ही या आजाराच्या अगदी मध्यभागी उभी आहे, आणि तिच्या भाषेत या आजाराबद्दल वाचायला जवळपास काही नाही.

माझ्या घरातली ती बाई म्हणजे माझी माय.

सत्तरी ओलांडल्यावर ती संध्याकाळी गाठोडं बांधू लागली. दोन लुगडी, हळदीकुंकवाची पितळी डबी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, आणि कधी कधी पोळपाट. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली की ती गाठोडं घेऊन ओसरीवर येऊन बसायची. "मले घरी जाऊ दे आता, बापू. माय वाट पाहून राह्यली असंन." ज्या ओसरीवर ती हे बोलायची, तिथे सून म्हणून येऊन तिला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. आम्ही समजावत राहायचो, हेच तुझं घर आहे, तुझी माय कधीच गेली. दर वेळी तिला तिची माय नव्याने गेल्यासारखं व्हायचं आणि ती रडायची. समजावणं हीच तिच्यावरची शिक्षा होती, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. शेजारच्या बाया म्हणायच्या, "म्हातारपन हाय, इसरतेच मानूस." कुणी बाहेरचं पाहायला सांगितलं. एका डॉक्टरांनी वय झालंय म्हणून ताकदीचं औषध लिहून दिलं. प्राणिशास्त्र शिकवणारा मी, मीसुद्धा दोन वर्षं ‘वय झालंय’ याच्या पुढे गेलो नाही. त्याची खंत मला आजही आहे.

शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कधीपासून?" आम्ही तिघं बरोबर होतो आणि तिघांची तीन उत्तरं. घरी आल्यावर बायकोने ट्रंकेतून जुनी कॅलेंडरं काढली. माय दुधाचा हिशेब कॅलेंडरवर ठेवायची, एका लिटरला एक उभी रेघ. तीन वर्षांपूर्वीच्या जूनपर्यंत रेघा अगदी सरळ, मोजून मारलेल्या. ऑगस्टात एका चौकोनात दोन रेघा, पुढे एकात तीन. दूध एकच लिटर येत होतं. रेघ मारल्याचं विसरून ती पुन्हा मारत होती. नोव्हेंबरनंतर चौकोन रिकामे. आम्ही जे दोन वर्षं पाहिलं नाही, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज आमच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं.

मी वाचायला लागलो ते त्यानंतर. या पुस्तिकेची सगळी प्रकरणं त्या वाचनातून आली आहेत.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरात, ज्याला बाह्यक म्हणतात, बहुतेक पेशी पुढच्या पेशीला चेतवतात. दर चार-पाच पेशींमागे एक मात्र उलट काम करते. ती पुढच्या पेशीला गप्प करते. अल्पसंख्य आहेत म्हणून या निरोधक पेशींना दुय्यम समजायचं कारण नाही. सगळ्या पेशी एकदम बोलू लागल्या तर त्याला आपण विचार म्हणत नाही, फेफरं म्हणतो. मिरगीच्या एका प्रकारात, जिथे झटका कानशिलाजवळच्या भागात सुरू होतो, त्या रुग्णांच्या मेंदूत स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातल्या सोमॅटोस्टॅटिनवाल्या निरोधक पेशी मोठ्या प्रमाणात मेलेल्या आढळल्या आहेत. आवर घालणारे गेले की काय होतं, त्याचं हे सगळ्यांत उघडं रूप.

निरोधक पेशीही एका जातीच्या नाहीत, आणि त्यांच्यातला फरक मला आबाजींच्या वावरात जितका स्पष्ट दिसतो तितका पुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही. बैलाला आवरायला दोन गोष्टी लागतात, कासरा आणि मुस्कं. पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन बाळगणाऱ्या निरोधक पेशी कासऱ्याचं काम करतात. त्या दुसऱ्या पेशीच्या धडाभोवती वेढा घालतात आणि ती बोलणार की नाही, केव्हा बोलणार, हे क्षणात ठरवतात. सोमॅटोस्टॅटिनवाल्या पेशी धडाकडे जात नाहीत. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात, त्यांच्यावर इतर पेशींचे निरोप येऊन उतरतात. सोमॅटोस्टॅटिनवाली पेशी आपला धागा पार वरच्या थरापर्यंत चढवते आणि त्या फांद्यांच्या शेंड्यांवर हात ठेवते. पेशीने काय बोलावं हे ती ठरवत नाही, काय आत घ्यावं ते ठरवते. तोंडावरचं मुस्कं अगदी हेच करतं. यांतल्या वरपर्यंत चढणाऱ्या पेशींना मार्टिनोट्टी पेशी म्हणतात. कार्लो मार्टिनोट्टी या इटालियन संशोधकाने त्यांचं वर्णन १८८९ मध्ये केलं, सोमॅटोस्टॅटिनचा पत्ता लागण्याच्या ८४ वर्षं आधी.

या पेशींची आणखी एक खोड मला फार आवडते. एका हाकेला त्या फारशा दाद देत नाहीत. शेजारची पेशी पुन्हा पुन्हा ओरडू लागली की मग जाग्या होतात, आणि ओरड वाढेल तसा त्यांचा हात घट्ट होतो. एखादी पेशी फार वेळ बोलत राहिली तर ती स्वतःच या मधल्या पेशीला उठवते आणि आपल्या आजूबाजूच्या पेशींच्या तोंडावर मुस्कं बांधून घेते. गर्दीत एकाचाच आवाज स्पष्ट ऐकू यावा अशी ही व्यवस्था. स्मरण म्हणजे साठवण, असं आपण समजतो. साठवण्याआधी निवडणं असतं, आणि निवडणं म्हणजे बाकीच्यांना त्या वेळेपुरतं गप्प करणं.

आता रसायनाकडे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये पॉल ब्राझो आणि रॉजर गिलमँ हे मेंढ्यांच्या मेंदूच्या तळातून वाढीचं संप्रेरक सोडायला लावणारा पदार्थ शोधत होते. हाती लागला तो नेमका उलटा, ते संप्रेरक अडवणारा. काही मिलिग्रॅम पदार्थासाठी लाखो मेंढ्यांच्या मेंदूचे कण लागले. १९७७ मध्ये गिलमँ यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातच केइची इताकुरा, आर्थर रिग्ज आणि हर्बर्ट बॉयर यांनी या रसायनाचं जनुक रासायनिक पद्धतीने जुळवून ई. कोलाय जिवाणूत घातलं आणि जिवाणूकडून सोमॅटोस्टॅटिन बनवून घेतलं. माणसाच्या शरीरातलं संप्रेरक जिवाणूने बनवण्याची ही पहिली वेळ. मधुमेहींचं मानवी इन्सुलिन या वाटेने त्यानंतर आलं. आपल्या ओळखीच्या घरोघरी फ्रिजच्या दारात इन्सुलिनची कुपी असते. तिचा मार्ग आधी सोमॅटोस्टॅटिनने मोकळा केला, हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

त्याची रचना छोटी आहे. पोतीत ओवलेले १४ मणी, प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. तिसरा आणि चौदावा मणी गंधकाच्या गाठीने एकमेकांना बांधलेले, त्यामुळे पोत कडं होऊन बसते. रक्तात हे कडं काही मिनिटांतच तुटून जातं. पिट्यूटरीत ते वाढीच्या संप्रेरकाला आवर घालतं, स्वादुपिंडात इन्सुलिन आणि ग्लुकागॉन दोघांनाही, आतड्यात पाचकरसांना. मेंदूत ते निरोधक पेशींच्या पोटात साठवलेलं असतं आणि पेशी जोरात काम करू लागली की बाहेर पडतं.

बाहेर पडल्यावर ते ऐकणार कोण? इथे ग्राही येतात, आणि पुस्तिकेचा मधला मोठा भाग मी त्यांना दिला आहे. सोमॅटोस्टॅटिन बनवणारी पेशी आणि सोमॅटोस्टॅटिन ऐकणारी पेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकाने पहिल्यापासून मनात धरावं. विद्यार्थीच काय, शिक्षकही इथे घसरतात. ग्राही म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यातून सात वेळा आत-बाहेर गेलेला प्रथिनाचा धागा, वाकळीच्या टाक्यासारखा. बाहेरच्या बाजूला सोमॅटोस्टॅटिन येऊन बसलं की आतल्या बाजूला काही दारं उघडतात, काही बंद होतात. पोटॅशियम बाहेर जाऊ लागतं, कॅल्शियमचा आत येण्याचा रस्ता अडतो, आणि पेशी शांत होते. हे ग्राही पाच प्रकारचे. १९९२ पासूनच्या दोन-तीन वर्षांत पाचही प्रकारांची जनुकं संशोधकांच्या हाती आली. त्यांच्या जागा वेगळ्या, वागणं वेगळं. तिसऱ्या क्रमांकाचा ग्राही तर चेतापेशीच्या अंगावर असलेल्या एकाच बारीक केसावर बसतो. उंदरांत तो ग्राही काढून टाकला तर पूर्वी पाहिलेली वस्तू आणि नवी वस्तू यांतला फरक ओळखणं त्यांना जड जातं. एका केसाच्या टोकावर एवढी ओळख अवलंबून असते, हे वाचलं त्या रात्री मी मायच्या खोलीत बराच वेळ बसून होतो.

स्मृतिभ्रंश घडवणारा अल्झायमर रोग आणि सोमॅटोस्टॅटिन यांचा संबंध नवा नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये पीटर डेव्हिस, रॉबर्ट कॅट्झमन आणि रॉबर्ट टेरी यांनी अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूच्या बाह्यकात सोमॅटोस्टॅटिन बरंच कमी असल्याचं नोंदवलं. पाच वर्षांनी असंही दिसलं की ग्राहींची संख्याही घटते. म्हणजे निरोप देणारा क्षीण झाला आणि ऐकणाऱ्याचे कानही कमी झाले. पुढच्या अभ्यासांतून कळलं की पाचही ग्राही सारखे कमी होत नाहीत. ही बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. जो कान शाबूत आहे, त्याच्याशीच बोलता येईल.

मग काही काळ हा विषय मागे पडला. सगळं लक्ष अमायलॉइड बीटा या चिकट प्रथिनाच्या गाठींकडे गेलं. २००५ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत ताकाओमी साइदो यांच्या गटाने दोन्ही धागे एकत्र आणले. मेंदूत अमायलॉइड बीटा रोजच तयार होतं आणि नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम ते रोज झाडून काढतं. सोमॅटोस्टॅटिन या झाडणाऱ्याला कामाला लावतं. सोमॅटोस्टॅटिनचं जनुक काढलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये झाडणारा मंदावला आणि अमायलॉइड बीटाचा जास्त घातक प्रकार वाढला. हा निरोप ऐकणारे ग्राही पहिल्या आणि चौथ्या क्रमांकाचे, असं नंतरच्या कामातून पुढे आलं. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत कळीचा दुवा आहे. वय वाढतं तसं सोमॅटोस्टॅटिन घटतं, ते घटलं की सफाई घटते, सफाई घटली की गाठी वाढतात. माणसात ही साखळी जशीच्या तशी चालते असं सिद्ध झालेलं नाही, आणि सोमॅटोस्टॅटिनचं घटणं हे कारण किती आणि परिणाम किती, यावर अजून वाद आहे. तो वाद मी सहाव्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मांडला आहे.

गेल्या काही वर्षांत एकेका पेशीतली जनुकं वाचण्याचं तंत्र आलं आणि या पेशी पुन्हा पुढे आल्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ४२७ मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या २३ लाख पेशी तपासल्या. म्हातारपणी ज्यांची बुद्धी तल्लख राहिली, त्यांच्यात काही विशिष्ट निरोधक पेशी जास्त होत्या, आणि त्यांत सोमॅटोस्टॅटिनवाल्या पेशींचा समावेश होता. पुढच्याच वर्षी सिएटलमधल्या अभ्यासात ८४ जणांच्या मेंदूंतून रोगाचा क्रम लावला गेला. रोगाची पहिली अवस्था संथ असते, बाहेरून काही दिसत नाही, आणि त्याच अवस्थेत सोमॅटोस्टॅटिनवाल्या निरोधक पेशी कमी होऊ लागतात. चेतवणाऱ्या पेशी नंतर जातात. आधी मुस्कं तुटतं, मग पीक जातं.

हंटिंग्टनच्या आजारात मात्र नेमकं उलटं घडतं. मेंदूच्या तळाशी स्ट्रायटम नावाचा भाग आहे. तिथल्या बहुतेक पेशी या आजारात मरतात आणि सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या पेशी टिकून राहतात, हे १९८५ पासून माहीत आहे. तीच जात, एका आजारात आधी जाणारी आणि दुसऱ्यात शेवटपर्यंत उभी. पेशी मुळातच नाजूक असते असं म्हणता येत नाही. तिच्याभोवती काय चाललं आहे त्यावर तिचं जगणं-मरणं ठरतं. गावातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या मातीतलं काम. सोमॅटोस्टॅटिनवर मुंबईत पवईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या गटाने केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. ते २०१४ मध्ये जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री या नियतकालिकात आलं. पेशीच्या पोटात सोमॅटोस्टॅटिन साठवलेलं असतं ते सुटं नसतं. एकावर एक रचलेल्या धाग्यांच्या रूपात असतं, आणि ही रचना अमायलॉइडच असते, ज्या जातीच्या रचनेने अल्झायमरच्या गाठी बनतात त्याच जातीची. म्हणजे अमायलॉइड हा शब्द ऐकला की रोग, असं समीकरण चालत नाही. शरीर स्वतःच्या सोयीसाठी ही रचना वापरतं. कडब्याची गंजी रचतात तशी ती रचतं, आणि लागेल तेव्हा त्यातून पेंढी काढून घेतं. पवईच्या गटाने विचारलेला प्रश्न असा, की ती गंधकाची गाठ तोडली, पोतीचं कडं मोकळं केलं, तर काय होईल? धागे भराभर रचले गेले, जास्त चिवट झाले, आणि त्यांतून सुटं सोमॅटोस्टॅटिन बाहेर येणं कमी झालं. पावसात भिजून आतून चिकटलेल्या गंजीतून पेंढी ओढून पाहिली असेल त्याला हे लगेच समजेल. एका गाठीवर, गंधकाच्या दोन अणूंवर, साठवण आणि अडगळ यांतला फरक उभा आहे.

दुसरं काम मुंबईतच, पण कर्करोगाचं. काही संप्रेरक-पेशींच्या गाठींवर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राही, विशेषतः दुसऱ्या क्रमांकाचे, खच्चून भरलेले असतात. त्यांना चिकटणारा सोमॅटोस्टॅटिनसारखा रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सारी अणू बांधायचा आणि शिरेतून सोडायचा. रेणू बरोबर त्या गाठीवर जाऊन बसतो. असा किरणोत्सारी अणू म्हणजे ल्युटेशियम-१७७. ते तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये या उपचारासाठी वापरलं जातं. मेंदूच्या आजाराशी याचा थेट संबंध नाही, पण मी एक प्रकरण त्याला दिलं आहे, कारण ग्राही ही कागदावरची कल्पना नाही, तिच्या आधारे आज माणसं उपचार घेत आहेत, हे वाचकाला दिसायला हवं. विदर्भातल्या विद्यार्थ्यांसाठी नागपूरचंही नाव घेतो. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागूर माशाच्या मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडांवर वर्षानुवर्षं काम केलं. सोमॅटोस्टॅटिन त्याच कुळातलं. बाजारात टोपलीत वळवळणारा मासा मेंदूच्या अभ्यासाला पुरतो, हे इथल्या मुलांना कळलं पाहिजे.

उपचाराबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. आज अल्झायमरवर सोमॅटोस्टॅटिनचं औषध नाही. ऑक्ट्रिओटाइड हा त्याचा आठ मण्यांचा, जास्त टिकणारा भाऊबंद १९८० च्या दशकापासून इतर आजारांत वापरात आहे. १९९९ मध्ये सुझान क्राफ्ट यांच्या गटाने काही अल्झायमर रुग्णांना असं औषध शिरेतून दिलं तेव्हा त्यांची आठवण तेवढ्यापुरती सुधारली. तेवढ्यापुरती. रक्तातून मेंदूत शिरायला त्याला वाट जवळपास नाही, आणि जास्त काळ दिलं तर साखर बिघडते, पित्ताशयात खडे होतात, कारण तेच ग्राही पोटातही आहेत. एखाद्या ग्राहीशीच बोलेल आणि मेंदूत पोचेल असा रेणू हवा, त्यासाठी प्रयोग चालू आहेत. तेव्हा ‘मेंदूच्या पेशी परत आणणारं’ म्हणून कुणी चूर्ण, थेंब किंवा गोळ्या विकत असेल तर त्यासाठी तूर विकू नका. हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण आम्ही ते केलं आहे.

हाती काहीच नाही, असं मात्र नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने टाळता किंवा कमी करता येतील अशी १४ कारणं मोजली. त्या सगळ्यांचा बंदोबस्त झाला तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत रक्तदाब आहे, साखर आहे, तंबाखू आहे, डोक्याला मार आहे, एकटेपणा आहे, कमी झालेलं ऐकू येणं आणि कमी झालेलं दिसणं आहे, आणि लहानपणी अर्धवट सुटलेली शाळा आहे. माझी माय तिसरीत शाळेतून काढली गेली होती. मोतीबिंदू तिच्या दोन्ही डोळ्यांत होता आणि ‘आता या वयात कशाले’ म्हणून आम्ही तो राहू दिला होता. तिच्या मेंदूतल्या कोणत्या पेशी आधी गेल्या हे कुणी तपासलं नाही. पण मोतीबिंदू काढता आला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुस्तिका दहावी झालेल्या कुणालाही वाचता यावी अशी लिहिली आहे. चेतापेशी, ग्राही, संप्रेरक हे शब्द शाळेच्या पुस्तकातले म्हणून ठेवले. जिथे मराठी शब्द ओढूनताणून आणावा लागत होता तिथे प्रचलित इंग्रजी शब्दच देवनागरीत घेतला. पहिली दोन प्रकरणं सलग वाचावीत, नंतर हवं ते प्रकरण घ्यावं. ज्यांच्या घरात आत्ताच रुग्ण आहे त्यांनी मधलं विज्ञान सोडून सरळ शेवटच्या प्रकरणावर जावं. गाठोडं बांधणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते तिथे आहे. आम्ही अखेर जे शिकलो ते असं: हो म्हणायचं, गाठोडं आपल्या हातात घ्यायचं, गल्लीतून एक फेरी मारायची आणि परत ओसरीवर आल्यावर विचारायचं, "माय, चहा ठेवू?" ती आत यायची. बहुतेक दिवस यायची.

हस्तलिखित वाचून चुका दाखवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा मी ऋणी आहे. त्यांतले दोघं आज डॉक्टर आहेत. तिसरी शेती करते, आणि सर्वांत चांगले प्रश्न तिने विचारले.

वाचकांना एकच विनंती. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आजच एकदा नीट पाहा. त्यांच्या हातच्या खुणा, हिशेब, फोन नंबर, बी-बियाण्यांच्या नोंदी यांत काही चुकल्यासारखं दिसलं तर त्या दिवसाच्या चौकोनात पेनाने लिहून ठेवा: काय विसरले, कितीदा. जुनं कॅलेंडर रद्दीत देऊ नका. महिन्या-दोन महिन्यांत तशा नोंदी वाढल्या तर ते कॅलेंडर गुंडाळून बरोबर घ्या आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जा. कुठे जावं हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत. डॉक्टर "कधीपासून?" असं विचारतील. तेव्हा तुमच्याकडे तारीख असू द्या.